शिरूरचा कागद कुठे कुठे आहे?

७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेली कपाटे उघडली गेली. मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळावे यासाठीचे आंदोलन पेटले होते जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत. त्याचे नेते मनोज जरांगे मात्र मूळचे मातोरीचे, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातले. निजामकाळात पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ असे लिहिले होते का, एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी खासरा पत्रे, पाहणीपत्रके, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खरेदीखते, तुरुंगाच्या नोंदी, एवढेच काय, ताडीच्या परवान्यांच्या वह्यासुद्धा धुंडाळल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्याला आणि जुनी उर्दू लावणाऱ्याला एकाएकी भाव आला. समितीच्या पहिल्या अहवालानुसार १ कोटी ७३ लाखांहून अधिक नोंदी तपासल्यावर कुणबी म्हणून ११,५३० नोंदी हाती लागल्या.

मराठवाड्याचा इतका कागद इतक्या थोड्या दिवसांत पूर्वी क्वचितच कुणी उलटला असेल. पण उलटणाऱ्यांचे डोळे एकाच शब्दावर होते. मृत्यूच्या नोंदवहीत जातीच्या रकान्याशेजारी वय असते, मृत्यूचे कारण असते, तारीख असते. ते रकाने सलग वाचले की एखाद्या गावात कोणत्या वर्षी तापाने किती मुले दगावली हे कळते. पाहणीपत्रकात पीक असते, पड जमीन असते, कसणाऱ्याचे नाव असते. नोंद शोधणाऱ्याला यातले काही नको होते आणि त्यात त्याची चूकही नव्हती. त्याला दाखला हवा होता. विद्यापीठातले आधुनिक इतिहासाचे संशोधन केंद्र नेमके त्याने ओलांडून टाकलेल्या रकान्यांपाशी थांबते. या प्रकरणात ते काम शिरूर कासारच्या निमित्ताने पाहू.

गाव सापडण्याआधी

पहिली अडचण नावाची. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच. पुणे जिल्ह्यातले घोडनदीकाठचे शिरूर सर्वांना ठाऊक आहे. ते इंग्रजी मुलखातले. पण जुन्या हैदराबाद संस्थानातच शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद अशी तीन शिरूरे होती. मराठी लिहिताना आपण ‘शिरूर (का.)’ असे लिहून वेळ निभावतो. उर्दू घसटी अक्षरात ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत आणि घाईत नुक्तेही गळतात. ‘श’वरचे तीन ठिपके सुटले की ‘स’ उरतो आणि शिरूरचे ‘सरूर’ होते. हैदराबादेत बसलेल्या वाचकाला हे कोणते गाव ते कळायला मार्ग नसतो. शेजारच्या वाड्यांची, ओढ्यांची, देशमुखांची नावे ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, तो मात्र पुढच्या दोन ओळी वाचून सांगतो की हे सिंदफणेकाठचे शिरूर.

दुसरी अडचण तालुक्याची. शिरूर कासार हा तालुका १९९९ मध्ये झाला. त्याआधी ही गावे आजूबाजूच्या जुन्या तालुक्यांत होती. म्हणून जुन्या दप्तरात ‘तालुका शिरूर’ शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि कागदच नाहीत असे समजून तो परत फिरतो. भर म्हणून १९५० मध्ये मुंबई प्रांत आणि हैदराबाद संस्थान यांच्या हद्दीत एकमेकांत घुसलेल्या गावांची अदलाबदल झाली. नगर आणि बीड या जिल्ह्यांच्या सरहद्दीवर तर अशी सरमिसळ जुनीच होती. त्यामुळे एखाद्या गावाचा १९४५ चा कागद एका जिल्ह्यात आणि १९५५ चा दुसऱ्यात, असेही होते.

म्हणून प्रादेशिक संशोधन केंद्राचे पहिले काम वरकरणी अगदी रूक्ष वाटते. कोणते गाव कोणत्या वर्षी कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होते आणि ते दिवाणीत होते, सर्फ-ए-खासमध्ये होते की जहागिरीत, याची यादी करायची. दिवाणी म्हणजे सरकारी मुलूख, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मिळकत. जहागिरी १९४९ मध्ये संपल्या. तोवर जहागिरीतल्या गावाचा वसुलीचा कागद सरकारकडे असण्यापेक्षा जहागीरदाराच्या कारकुनाकडे असण्याची शक्यता जास्त. ही यादी हातात असल्याशिवाय कुठल्या कचेरीचे दार ठोठावायचे हेच कळत नाही.

चार दिशांना गेलेले दप्तर

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्रात गेले. माणसांची वाटणी भाषेवर झाली, कागदांची तशी होणे शक्य नव्हते. जिल्ह्याचे दप्तर जिल्ह्यात राहिले. सचिवालयाचे, म्हणजे जिथे निर्णय होत तिथले दप्तर हैदराबादेत राहिले. २०१४ नंतर तो संग्रह तेलंगण राज्य पुराभिलेखागार म्हणून ओळखला जातो. बीडच्या तालुकदाराने वर काय कळवले याची प्रत बीडमध्ये मिळाली तरी वरून काय उत्तर आले त्यासाठी हैदराबादला जावे लागते. निजामाच्या राज्यात तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी, आजच्या भाषेत कलेक्टर; हे ठाऊक नसलेला नवखा वाचक त्याला तालुक्याचा अंमलदार समजतो आणि सगळा हिशेब चुकतो.

सरहद्दीपलीकडचे पाथर्डी मुंबई प्रांतात होते. शिरूरकडचा कुणी निजामाविरुद्धच्या लढ्यात पलीकडे गेला, तिकडे सभा घेतली, पकडला गेला, तर त्याचा कागद नगरला किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात. मुंबईचे हे खाते १८२१ पासूनचे. हैदराबादेतल्या इंग्रज रेसिडेन्सीची बरीच कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९४७-४८ मधला हिंदुस्थान सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. एका तालुक्याच्या गावाच्या शंभर वर्षांसाठी बीड, हैदराबाद, मुंबई, दिल्ली आणि लंडन!

कागद मिळाल्यावर तो लागायला हवा. निजामाच्या दरबारी कारभारात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. मराठवाड्यातल्या गावकामगारांचे लिखाण मोडीत चालू राहिले. तारखा फसलीत. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होई आणि महिने आझुर, दै, बहमन असे इराणी नावांचे. जानेवारीपासून पुढच्या कागदावर नुसती बेरीज केली आणि महिना पाहिला नाही तर एका वर्षाची चूक होते. रकमा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा साधारण भाव. शिरूरच्या बाजारातला भाव आणि पाथर्डीच्या बाजारातला भाव शेजारी ठेवून ‘इकडे महागाई जास्त’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी नाणे कोणते ते पाहायचे असते.

ही विद्या एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही, म्हणून संस्था लागते. महाराष्ट्रात इतिहास संशोधनाची परंपरा विद्यापीठाबाहेर सुरू झाली. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे मिळवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पण त्या सगळ्या धडपडीचा मध्य मराठेशाही होता आणि ठिकाण पुणे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादेत. १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. बीड जिल्ह्यातली महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली. याच शहरात लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली, तिच्यामागे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे लढ्यातले लोक होते. म्हणजे या भागात आधुनिक इतिहासाचे संशोधन सुरू झाले तेव्हा तो घडवणारी माणसे हयात होती, पुष्कळदा संस्थेच्या बैठकीत समोर बसलेली होती. ही मोठी सोय आणि तेवढीच मोठी अडचण.

लढ्याने जाळलेले कागद

हैदराबाद संस्थानाच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहून घेण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली आणि १९५६ ते १९६६ या काळात इंग्रजीत चार खंड निघाले. चौथा खंड १९२१ ते १९४७ चा. म्हणजे ज्या तेरा महिन्यांत सगळा निकाल लागला, ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८, त्यांच्या उंबरठ्यावरच ही मालिका थांबते. पुढचे १९६७ मध्ये रामानंद तीर्थांनी आपल्या आठवणींत आणि १९८७ मध्ये अनंत भालेरावांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात सांगितले. दोघेही लढ्यातलेच.

त्या तेरा महिन्यांत सरहद्दीला फार महत्त्व आले. पलीकडे मुंबई प्रांतात हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथून तुकड्या येत, करोडगिरीच्या नाक्यांवर म्हणजे निजामाच्या जकात नाक्यांवर हल्ले करत, तिथले दप्तर जाळत आणि परत जात. अलीकडे रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक विचित्र पेच दिसतो: जो कागद जाळणे हे त्या दिवशीचे शौर्य होते, तोच कागद आज मिळाला असता तर सरहद्दीवरून कापूस किती गेला, मीठ किती आले, कुणाकडून किती जकात घेतली, हे कळले असते. ज्यांनी तो जाळला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नाक्याचा कागद नाही म्हणून नाक्यावर अन्याय होत नव्हता असे म्हणणे किंवा प्रत्येक नाका लुटारूच होता असे म्हणणे, दोन्ही पुराव्याशिवायचे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले. १७ सप्टेंबर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले हे बरीच वर्षे दबक्या आवाजातच बोलले गेले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सात जिल्हा ठाणी, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी गावे पाहिली. जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. कारवाईच्या दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली; औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार, असे त्यांनी लिहिले. मरणारे बहुतेक मुसलमान. त्याआधीच्या महिन्यांत रझाकारांनी हिंदू गावांवर केलेल्या अत्याचारांचा सूड ही त्यामागची एक बाजू होती, हेही अहवालात आहे.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. ओमर खालिदी यांनी १९८८ मध्ये त्यातला काही भाग छापला, ए. जी. नूरानींच्या २०१३ च्या पुस्तकात तो सविस्तर आला. त्याच सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला. आता संशोधन केंद्राचे काम काय? आकडा उचलून घोषणा करणे हे नाही, आणि आकडा गैरसोयीचा म्हणून अहवाल फेकून देणे हेही नाही. पाचशे लोक कोणते होते, बायका किती होत्या, कोणत्या भाषेत विचारले, बोलताना गावचा पाटील शेजारी होता का, हे प्रश्न आधी येतात. मग जमिनीच्या कागदाकडे वळायचे. १९४८ च्या आधीच्या कागदात एखाद्या गावात जी मुसलमान खातेदारांची नावे आहेत ती १९५४-५५ च्या खासरा पाहणीत आहेत का? नसतील तर जमीन विकली गेली, सोडली गेली की वारस उरला नाही? शिंदे समितीसाठी ज्या खासरा पत्रांत ‘कुणबी’ शोधला गेला, त्याच पत्रांत हेही उत्तर आहे. तेच कपाट, तेच पान, वेगळा रकाना.

साक्ष खरी कशी मानायची?

कागद जळाला असेल तर माणसाला विचारावे. पण माणसाच्या सांगण्यावर किती विसंबायचे, हा धडा बीड जिल्ह्याने फार जवळून घेतला आहे. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. तुरुंगात गेलेल्याचा कागद असतो. भूमिगताचा नसतो, पकडले न जाणे हेच त्याचे काम. म्हणून तुरुंगवास भोगलेल्या एखाद्या ज्येष्ठ सैनिकाने ‘हा माझ्याबरोबर होता’ असे लिहून दिले की ते ग्राह्य धरण्याची सोय झाली. सोय योग्यच होती, पण बीड जिल्ह्यात तिचा इतका गैरवापर झाल्याच्या तक्रारी आल्या की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाकडे चौकशी गेली आणि २००५ मध्ये न्यायालयाने निकाल देताना बनावट दाव्यांविषयी कडक शब्द वापरले. दुसऱ्या एका प्रकरणात, २००१ मध्ये, याच न्यायालयाने उलट बाजूही सांगितली होती: अशा दाव्यांना फौजदारी खटल्यातला काटेकोर पुरावा मागू नये, शक्यता कुणीकडे झुकते ते पाहावे.

न्यायालयाला शेवटी हो किंवा नाही म्हणावे लागते. संशोधकावर ती सक्ती नाही. पण मुलाखत घेताना पथ्ये त्यालाही पाळावी लागतात. एकाच प्रसंगाविषयी निदान दोन-तीन माणसांना वेगवेगळे भेटायचे. ‘तुम्ही लढ्यात होता का’ असे विचारायचे नाही. ‘त्या पावसाळ्यात शेतात काय पेरले होते’ इथून सुरुवात करायची. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, ध्वनिमुद्रण राखायचे, ते कुणी कधी ऐकावे याची परवानगी लेखी घ्यायची. सांगताना चुकलेले सालसुद्धा पुसायचे नाही. दहा जण एकाच चुकीच्या सालात एखादी घटना ठेवत असतील तर त्या सालाने गावाच्या मनात का जागा धरली, हाच शोधाचा विषय होतो.

जगात या पद्धतीला विद्यापीठाचे घर मिळाले तेही १९४८ मध्येच. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी मौखिक इतिहासाचे कार्यालय सुरू केले. त्याहून बोलके उदाहरण नेदरलँड्सचे. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, मार्च १९४४ मध्ये लंडनहून नभोवाणीवर तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी लोकांना सांगितले की रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवा, पुढे इतिहासाला लागतील. देश मुक्त झाल्यावर तीन दिवसांत, ८ मे १९४५ ला, ते गोळा करणारी संस्था सुरू झाली. डच लोक आपल्याहून शहाणे होते असे नव्हे. त्यांच्याकडे घरोघर लिहिणारी माणसे होती. १९४८ च्या बीड जिल्ह्यात लिहिता येणारे मोजकेच होते. त्यामुळे इथे रोजनिशी मागून भागत नाही, विचारायलाच जावे लागते.

कोयत्याचा इतिहास

लिहिणारे नव्हते ही अडचण १९४८ बरोबर संपली नाही. शिरूर, पाटोदा, आष्टी या भागाचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा सर्वांत मोठा सामाजिक इतिहास म्हणजे ऊसतोड. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने वाढत गेले आणि १९७२ च्या दुष्काळासारख्या धक्क्यांनी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसे तिकडे लोटली. दिवाळीच्या आगेमागे गावे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो, ती हंगामभर फेडायची.

एवढ्या मोठ्या स्थलांतराचा कागद कुठे आहे? कामगार कारखान्याच्या पटावर नसतो, कारण कारखान्याचा करार मुकादमाशी. गावाच्या पाणीपट्टीत, घरपट्टीत तो गावातच असतो. जनगणनेची फेब्रुवारी तर नेमकी हंगामातली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. ओरड झाली म्हणून मोजले, मोजले म्हणून आकडा आला. त्याआधीच्या चाळीस हंगामांत बायकांच्या अंगावर काय आले हे मोजलेले नाही.

मात्र कागद अगदीच नाही असेही नाही. मुकादमाच्या वह्या आहेत: कुणाला किती उचल, किती फिटली, किती पुढच्या सालावर गेली. त्या वहीतून मजुरी, कर्ज आणि नातेसंबंध तिन्हींचा माग लागतो. शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून लागलेल्या सलग गैरहजेरीच्या रेघा आहेत. त्या वर्षागणिक मोजल्या तर कोणत्या वाडीतून किती कुटुंबे निघाली याचा अंदाज येतो. प्रवेश-निर्गम रजिस्टर जातीच्या दाखल्यासाठी उघडले जाते; शेजारचा हजेरीपट जुना झाला की रद्दीत जातो. तो वाचवायला सरकारी निर्णय लागत नाही, मुख्याध्यापकाशी झालेले एक बोलणे पुरते.

आधी काय करायचे?

शिरूर कासारला महाविद्यालय आहे, इतिहास शिकणारी मुले आहेत आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरात कोयता आहे. विद्यापीठाच्या केंद्राकडे लिपी शिकवणारे, पद्धत घालून देणारे आणि ध्वनिफिती सांभाळणारे असू शकतात. पण सरूरचे शिरूर ओळखणारा कान आणि मुकादमाला वही मागता येईल एवढी ओळख ही त्या मुलांकडेच असते. दोघांना जोडले तर काम होते, एकट्याने कुणाचेच होत नाही.

क्रमही ठरवता येतो. सरकारी कागदाची घाई आता सर्वांत कमी आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे दाखले देण्याचा निर्णय काढल्यापासून जुन्या दप्तराची किंमत कचेरीतल्या शिपायालाही कळली आहे. आता ते कुणी सहजी रद्दीत घालणार नाही. मुकादमाच्या वह्या आणि हजेरीपट यांना असे संरक्षण नाही, म्हणून त्यांचा क्रम वर. सर्वांत वर माणसे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीला टेकले आहे. १९७२ च्या दुष्काळात पहिल्यांदा ऊसतोडीला गेलेली सून सत्तरी ओलांडून गेली आहे. तिला नातसुनेने, तिच्या बोलीत, तिच्या सवडीने विचारले तर ती जे सांगेल ते हैदराबादच्या, मुंबईच्या किंवा लंडनच्या दप्तराच्या कुठल्याही रुमालात मिळणार नाही. यंदाच्या हंगामात गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. त्या दिवसांत घरी तेच असतात आणि त्यांच्याशी बोलायला दुसरे कुणी नसते.